आजोबांच्या कॅसेटी आणि गाणं संपण्याची भीती

देवगडहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. आजोबांनी मागे शास्त्रीय गाण्याच्या दोन खोकी भरून कॅसेटी आणि काही जुन्या तबकड्या ठेवल्या आहेत. रात्री निजानीज झाली की त्या ऐकण्यात फार आनंद मिळतो. पण रत्नागिरीला किंवा पणजीला मैफलीला जावं, तर सगळीकडे पांढरी डोकी. बरोबरीचं कोणी दिसत नाही. मग वाटतं, आपण ऐकतोय ते संपत आलेलं काहीतरी आहे का? नुसती रेकॉर्डिंग ऐकत बसणं म्हणजे गाणं जिवंत ठेवणं, की गेलेल्या माणसाचे फोटो बघत बसणं? आणि या कॅसेटींचं करायचं काय?

मी वेंगुर्ल्यात गाणं शिकवतो आणि बऱ्याच वर्षांपासून लोकांच्या घरातली जुनी ध्वनिमुद्रणं संगणकावर उतरवून देतो. त्यामुळे तुमच्या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंशी माझा रोजचा संबंध आहे. कॅसेटींचं आधी सांगतो, कारण ते काम पावसाळा लागायच्या आत व्हायला हवं.

आपल्याकडे फीत खराब होते ती वयापेक्षा दमट हवेने. कॅसेट उजेडासमोर धरा आणि मधल्या खिडकीतून गुंडाळलेल्या फितीची कड बघा. कड गडद, गुळगुळीत, एकसारखी दिसली तर काळजी नाही. पांढरे ठिपके किंवा कापसासारखा थर दिसला तर ती बुरशी. अशी कॅसेट लगेच प्लेअरमध्ये घालू नका. बुरशी हेडला, म्हणजे प्लेअरच्या फीत वाचणाऱ्या भागाला, लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटीला. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्यात कॅसेट आठ-पंधरा दिवस ठेवा. उन्हात वाळवायला ठेवू नका, प्लॅस्टिक वाकतं. वाळल्यावर बाहेर पडवीत बसून, नाकातोंडाला फडकं बांधून, मऊ ब्रशने कड साफ करा. मग फीत एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत अशी सावकाश गुंडाळून घ्या. त्यानंतर हेड आणि रबरी चाक पुसून घ्यायचं. हेडला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, रबराला शक्यतो नको.

आणखी एक गोष्ट फार वेळा दिसते. कॅसेटीच्या तोंडापाशी, फितीच्या मागे, धातूच्या पातळ पट्टीवर फेल्टचा छोटा तुकडा चिकटवलेला असतो. कालांतराने त्याचा गोंद सुटतो आणि तुकडा आत कुठेतरी पडतो. मग फीत हेडला नीट टेकत नाही, आवाज बुडाल्यासारखा येतो आणि घरचे म्हणतात, कॅसेट गेली. ती गेलेली नसते. स्क्रूने जोडलेली कॅसेट असेल तर ती उघडून फीत दुसऱ्या चांगल्या कॅसेटीच्या कवचात घालता येते. नुसता फेल्ट सुटला म्हणून टाकून दिलेल्या कॅसेटी मी पाहिल्या आहेत, आणि त्यांत खासगी मैफली होत्या, ज्यांची दुसरी प्रत जगात कुठे नसेल. म्हणून कळकळीने सांगतो, आवाज नाही येत म्हणून काही फेकू नका.

उतरवून घेताना हेडची तिरीप, म्हणजे त्याचा कल, जुळवणं सगळ्यांत महत्त्वाचं. ज्या यंत्रावर मुद्रण झालं त्याचं हेड किंचित कललेलं असेल, तर तुमच्या सरळ हेडवर वरचे स्वरांश नाहीसे होतात. हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो. कानाला हेडफोन लावून, कॅसेट चालू ठेवून तो केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवायचा. इतका वेळ मागे नुसतं गुणगुणत असलेला तानपुरा एका जागी उघडतो, त्याची जवारी, म्हणजे तारांचा घुमारा, ऐकू यायला लागते, गायकाच्या श्वासाची चाहूल लागते. तिथे थांबायचं. हे प्रत्येक कॅसेटीला नव्याने करावं लागतं, आणि दुकानात ढिगाने कॅसेटी उतरवून देणारे सहसा ते करत नाहीत.

वेगाचंही बघा. यंत्र सहा टक्के जोरात फिरलं की अख्खा अर्धा स्वर वाढतो: पेटीच्या काळी एक पट्टीत गाणारा माणूस पांढरी दोनमध्ये गेलेला ऐकू येतो, आवाज बारीक होतो, ताना खोट्या वाटतात. इंटरनेटवर फिरणाऱ्या कितीतरी जुन्या मुद्रणांत हा दोष आहे. त्यावरून एखाद्या गायकाबद्दल मत बनवू नका.

फाइल डब्ल्यूएव्हीमध्ये, 24 बिट आणि 96 किलोहर्ट्झवर ठेवा. जागा कमी असेल तर 48 वर. त्या मूळ फाइलमधली खरखर काढायच्या फंदात पडू नका. खरखर काढणारं सॉफ्टवेअर तानपुऱ्यालाही खरखर समजतं. साफसफाई हवी तर प्रतीवर करा. एक प्रत घरात, दुसरी दुसऱ्या गावी कोणा नातेवाइकाकडे. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या लाखेच्या असतील तर त्यांना स्पिरिट लावू नका, लाख विरघळते. साध्या स्वच्छ पाण्याने, लेबल कोरडं ठेवून पुसा आणि उभ्या ठेवा. त्यांना सुईही वेगळी लागते, एलपीच्या सुईपेक्षा जाड.

कॅसेटीच्या कागदावर आजोबांनी जे काही खरडलं असेल त्याचा फोटो काढून ठेवा. तारीख, गाव, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, 'पाऊस होता' एवढं जरी लिहिलेलं असलं तरी. त्यातलं बरंचसं रेडिओवरून घेतलेलं निघेल असा माझा अंदाज. आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम 1952 मध्ये सुरू झाला आणि शनिवारची रात्र त्याच्यासाठी राखून ठेवलेली घरं कोकणात पुष्कळ होती. निवेदकाचा आवाज, शेवटची उद्घोषणा कापू नका. आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत पेटीवर बंदी घातली होती. रेडिओच्या मुद्रणात ख्यालामागे पेटी ऐकू आली तर ते त्यानंतरचं धरायला हरकत नाही.

आता तुमच्या भीतीकडे येतो.

गाणं बुडत चाललं ही ओरड जुनी आहे. संगीताचे अभ्यासक विष्णु नारायण भातखंडे देशभर फिरून बंदिशी गोळा करत होते ते याच धास्तीने, आणि 1916 मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तेव्हाही हीच चिंता बोलली जात होती. पण ओरड जुनी आहे म्हणून ती खोटी, असं मी म्हणणार नाही. काही गोष्टी खरोखर गेल्या आहेत. महाराष्ट्रात गाण्याच्या साथीला सारंगी जवळजवळ उरली नाही. गोव्यात देवळांशी बांधलेल्या कलावंतिणींच्या घरांतून केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर आल्या. त्या व्यवस्थेतली पिळवणूक संपली हे उत्तमच झालं. पण त्या घरांत लहान मुलीच्या कानावर पहाटेपासून जे पडत होतं, ते आता कुठल्याच घरात पडत नाही.

आणि रात्र गेली. याबद्दल फार कमी बोललं जातं. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 मध्ये आले, तेव्हापासून मोकळ्या जागेत रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातले मोजके दिवस सरकार बारापर्यंत सूट देतं. नियम योग्य आहे, आजारी माणसाला झोप हवी. पण त्यामुळे मध्यरात्रीनंतरचे राग बेघर झाले. पूर्वी रात्रभर मैफल चालायची, दरबारी आणि अडाणा आपापल्या वेळी यायचे, सोहनी यायची, उजाडता उजाडता ललत आणि शेवटी भैरवी. आज संध्याकाळी सहाला सुरू होऊन दहाला संपणाऱ्या महोत्सवात गायक काय गाणार? पूरिया, मारवा, यमन, बागेश्री, फार तर मालकंस. ललत ऐकायचा तर खास सकाळची सभा भरायला हवी, आणि ती मुंबई-पुण्यात भरते.

इथे रेकॉर्डिंग काय करू शकतं बघा. तुमच्या गावात पहाटे साडेचारला ललत ऐकण्याचा आज एकच मार्ग आहे, तो म्हणजे आजोबांच्या कॅसेटीसारखं मुद्रण. मैफलीने जी वेळ गमावली ती मुद्रणाने राखली आहे. त्यामुळे मुद्रण म्हणजे मैफलीची दुय्यम प्रत, हे मला पटत नाही.

तरीही मुद्रणावर सगळी भिस्त ठेवता येणार नाही. ज्यांच्या गायकीने गेल्या शतकातलं अर्धं महाराष्ट्र-गोवा भारून गेलं ते अल्लादिया खाँसाहेब 1946 पर्यंत हयात होते, पण त्यांनी आपलं गाणं तबकडीवर दिलं नाही. भास्करबुवा बखले 1922 मध्ये गेले. त्यांचंही काही मुद्रण नाही. तरी अल्लादिया खाँसाहेबांची गायकी आज ऐकता येते. केसरबाईंकडून ऐकता येते, मोगूबाईंकडून आणि त्यांच्या लेकीकडून, किशोरीताई आमोणकरांकडून ऐकता येते, मल्लिकार्जुन मन्सूरांकडून ऐकता येते. त्यांचे शिष्य आणि त्या शिष्यांचे शिष्य आज गातायत. मोगूबाईंचं कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्यात गेलं, गाणं मात्र माणसांमधून पुढे आलं. याच्या उलट, सुरुवातीच्या काळात ढिगाने तबकड्या निघालेल्या कितीतरी गायक-गायिकांची गायकी त्यांच्याबरोबर थांबली. तबकड्या आहेत, पुढे गाणारं कोणी नाही.

मग तबकडीचा उपयोग काय? तो भीमसेन जोशींच्या गोष्टीत आहे. लहानपणी त्यांनी दुकानात वाजणारी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी ऐकली आणि असं गाता आलं पाहिजे म्हणून घर सोडलं, हे ते स्वतः सांगत. वेड तबकडीने लावलं. शिकवलं कुंदगोळच्या सवाई गंधर्वांनी, समोर बसवून. दोन्ही नसतं तर भीमसेन झाले नसते. आपल्या सावंतवाडीकडचे रामकृष्णबुवा वझे त्याआधीच्या पिढीतले. त्यांच्या लहानपणी तबकडीही नव्हती. गाण्याच्या ओढीने पायपीट करत ते ग्वाल्हेरला निसार हुसेन खाँसाहेबांपर्यंत पोहोचले. आज देवगडच्या मुलाला घरबसल्या ग्वाल्हेर, किराणा, जयपूर ही घराणी ऐकून कुठे जायचं ते ठरवता येतं. ही सोय बुवांना मिळाली असती तर, असं माझ्या मनात नेहमी येतं.

माझ्या मते काळजी करण्यासारखी गोष्ट एकच आहे: जाणून ऐकणारा माणूस कमी होतोय. गाणाऱ्यांची वाण नाही. तरुण मुलंमुली उत्तम तयारीने गातायत, पेटी आणि तबला तर पूर्वी कधी नव्हता इतका छान वाजतोय. पण माझ्याकडे येणारी, प्रवेशिका-मध्यमाच्या परीक्षा चांगल्या गुणांनी दिलेली मुलं विचारा. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल अर्धा तास सलग कधी ऐकलेला नसतो. रागाचे आरोह-अवरोह पाठ, तालाचे ठेके पाठ, पण एका षड्जाची, म्हणजे 'सा'ची, वाट बघत बसणं त्यांना माहीत नाही. समोर असे श्रोते असले की गायकही बदलतो. आलापी आखडती घेतो, ताना लवकर सुरू करतो, तबल्याशी सवाल-जवाब करून टाळ्या घेतो. उतरण सुरू होते ती इथून.

म्हणून आता एक मुद्रण जवळून ऐकू. अमीर खाँसाहेबांचा मारवा, 1960 ची एलपी, एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी. इंटरनेटवर सहज मिळते, कदाचित आजोबांच्या खोक्यातही असेल. ती सूर्य बुडायच्या वेळी लावा, मारव्याची वेळ तीच. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. बंदिश 'पिया मोरे अनत देस गईलवा', ताल झुमरा, चौदा मात्रांचा आणि इतका संथ की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ताल आहे हेच कळत नाही. मात्रा मोजू नका. मुखडा, म्हणजे बंदिशीचे सुरुवातीचे शब्द, कुठे येतो तेवढं धरा. तो येऊन ज्या जागी टेकतो ती सम. तीन-चार आवर्तनं गेली की अंग आपोआप त्या जागेची वाट बघायला लागेल.

आता स्वरांकडे लक्ष द्या. मारव्यात पंचम नाही. कोमल रिषभ आणि शुद्ध धैवत यांच्यावर सगळा भार, आणि षड्ज, जो घराच्या दारासारखा असतो, तोच टाळलेला. खाँसाहेब मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकात उतरतात, धैवतावर थांबतात, निषादाला जातात, आता षड्ज येणार असं वाटतं आणि ते कोमल रिषभावर जाऊन उभे राहतात. असं पुन्हा पुन्हा होतं. मागे तानपुरा षड्ज देतच असतो, म्हणजे तो स्वर कानात आहे, पण गळ्यात नाही. या ताणातून मारव्याची ती बेचैनी येते. मग कधीतरी षड्ज लागतो, फार थोडा वेळ. त्या क्षणी तुमच्या तोंडून 'अहाहा' निघालं तर तुम्ही श्रोते झालात, एवढं नक्की. त्यानंतर द्रुत, म्हणजे जलद बंदिश येते, 'गुरु बिन ज्ञान न पावे', पण पहिले काही आठवडे ती नाही ऐकली तरी चालेल. एकच विलंबित पुन्हा पुन्हा ऐका. मैफलीत हे करता येत नाही, मुद्रणातच येतं.

जुन्या 78 च्या तबकड्या ऐकायची रीत वेगळी. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. पुष्कळ जण त्या ऐकून म्हणतात, जुने लोक घाईने गात. ते घाईने गात नव्हते. जे एका तासात मांडायचं ते तीन मिनिटांत बसवत होते. शिवाय सुरुवातीची वीसेक वर्षं मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यात तोंड घालून जोरात गावं लागे आणि मंद्रातली नाजूक कामं उमटतच नसत. केसरबाईंची भैरवी, 'जात कहाँ हो', साडेतीन मिनिटांची आहे. मायक्रोफोनच्या काळातली, त्यामुळे आवाजाचा भरदारपणा नीट पोहोचतो. त्यात फक्त श्वास ऐका: कुठे घेतात, किती पुरवतात, आणि एवढ्या लांब फिरतीनंतरही 'आ'कार कुठे बंद होतो का ते. 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठवलेल्या तबकडीवर हीच भैरवी आहे. दुसरं यान 5 सप्टेंबरला सुटलं आणि 16 सप्टेंबरला बाई गेल्या. फोंड्याजवळच्या केरी गावातला आवाज आज सूर्यमालेच्या वेशीपलीकडे आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या मुलांना तो माहीत नसावा याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तुम्ही एकट्याने ऐकता हे चांगलं, पण पुरेसं नाही. गाण्याला दाद लागते. दाद द्यायला शिकायचं तर शेजारी कोणीतरी लागतं, ज्याच्या मानेच्या हालचालीवरून कळतं की आपलं काहीतरी ऐकायचं राहिलं. आमच्याकडे महिन्यातून एकदा ओटीवर बैठक असते. एकच मुद्रण, अर्धा-पाऊण तास, मध्ये बोलणं नाही, नंतर चहा आणि भरपूर बोलणं. पावसात पत्र्यावर आवाज होतो तेव्हा माजघरात सरकतो. लाइट जाते म्हणून बॅटरीवरचा स्पीकर ठेवलाय.

माणसं कुठून आणायची म्हणाल, तर मैफलीच्या पांढऱ्या डोक्यांत शोधू नका. गावच्या भजनी मंडळाकडे जा. डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याला, रात्र जागवणाऱ्या मुलांचे लयीचे कान किती पक्के असतात ते तुम्हाला माहीत आहे. पखवाजावर कुठे काय पडलं ते त्यांना झोपेतही कळतं. बुवा ज्या चाली लावतात त्यांत यमन, भूप, भीमपलास, मालकंस असतोच. त्यांना रागाचं नाव कदाचित माहीत नसेल, वळण माहीत असतं. पेटीवाल्यांचंही तेच. अशा मुलांना एकदम झुमऱ्यात बसवू नका. किशोरीताईंचा भूप लावा, 'सहेला रे'पासून सुरुवात करा. चाल त्यांच्या ओळखीच्या स्वरांची आहे. आमच्या बैठकीला नियमित येणाऱ्यांत आज सर्वांत तरुण आहेत ते भजनी मंडळातले पखवाजवाले.

आणि बाहेरच्या मैफलींना जायचं सोडू नका, सोबत एकाला तरी न्या. रत्नागिरीत थिबा राजवाड्याच्या आवारात आर्ट सर्कलचा महोत्सव होतो, खल्वायन संस्थेच्या सभा होतात, पणजीला कला अकादमीचा केसरबाईंच्या नावाचा समारोह असतो. पुढच्या रांगेतल्या पांढऱ्या केसांच्या माणसांशी मध्यंतरात बोला. त्यांनी काय ऐकलंय ते विचारा. त्यांच्याही घरी कॅसेटी असतील आणि त्यांचं काय करायचं हा प्रश्न त्यांनाही पडलेला असेल.

शेवटचं, तुम्ही विचारलेलं नाही तरी सांगायला हवं. हे सगळं उतरवल्यावर इंटरनेटवर टाकायचा मोह होईल. छापील लेबलच्या प्रकाशित मुद्रणांवरचा हक्क आपल्या कायद्याने प्रकाशनानंतर 60 वर्षं राहतो, त्याआतलं टाकू नका. खासगी मैफलींचं आणखी जपून. गायकाने ती चार ओळखीच्या माणसांत गायलेली असते, कधी आवाज बसलेला असतो, कधी मधलं बोलणं घरगुती असतं. आधी गायकाच्या घरच्यांना किंवा शिष्यांना फोन करा, एक प्रत त्यांना पाठवा, मग परवानगी मागा. बरेचदा त्यांच्याकडे ते मुद्रण नसतं. सुरुवातीला मात्र चार-पाचच कॅसेटी घ्या, ज्यांवर गावाचं आणि साथीदारांचं नाव लिहिलेलं आहे अशा. हेडची तिरीप जुळली नाही तर प्लेअरसह वेंगुर्ल्याला घेऊन या, बसून जुळवू.